वाचकांचे प्रश्न : संसदेची समिती काय तपासते आणि काय तपासत नाही

या महिन्याच्या टपालातील तीन पत्रे संसदीय समित्यांविषयी आहेत. ती थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी दिल्लीहून खासदारांची समिती आमच्या भागात आली होती. लोक मोकळेपणाने बोलले, अधिकाऱ्यांनी लिहून घेतले आणि गाड्या निघून गेल्या. त्या बोलण्याचे पुढे काय झाले, हे गावात कोणालाच समजले नाही. अशा समितीला कायदा बदलण्याचा अधिकार असतो की ती केवळ ऐकून जाते?
(कापूस उत्पादक शेतकरी, मारेगाव तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : आपण उल्लेख केलेली भेट मार्च २०१२ मधील असावी. त्या वेळी कृषी विषयाची स्थायी समिती यवतमाळ जिल्ह्यात मारेगाव आणि भांब राजा येथे आली होती. पश्चिम बंगालमधील मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे खासदार बासुदेव आचार्य तिचे अध्यक्ष होते, आणि जनुकीय बदल केलेल्या पिकांचे परिणाम हा तिच्यापुढचा विषय होता. बीटी कपाशीने गावाचा कायापालट झाल्याच्या बातम्या ज्या भांब राजाविषयी पूर्वी छापून आल्या होत्या, तेथील लोकांनी गावात किती आत्महत्या झाल्या ते सदस्यांना तोंडावर सांगितले. ऑगस्ट २०१२ मध्ये समितीचा अहवाल संसदेत आला. भक्कम नियमन उभे राहीपर्यंत अशा पिकांच्या शेतातील चाचण्या थांबवाव्यात, अशी शिफारस त्यात होती, आणि सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांनीही तिला विरोध केला नाही. म्हणजे आपल्या लोकांचे म्हणणे कागदावर आले आणि देशाच्या संसदेपुढे ठेवलेही गेले. मात्र शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. २०१४ मध्ये तेव्हाच्या पर्यावरणमंत्र्यांनी अशा चाचण्यांना पुन्हा वाट मोकळी करून दिली.

कायदा करण्याचा अधिकार सभागृहांचा आहे. समितीकडे तपासण्याचे आणि सुचवण्याचे काम असते. विभागवार स्थायी समित्यांची पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली. तेव्हा अशा १७ समित्या होत्या, २००४ पासून त्या २४ आहेत. प्रत्येक समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात आणि मंत्र्याला तेथे सदस्य होता येत नाही. सभागृहात मांडलेले विधेयक लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती समितीकडे पाठवतात. मग समिती वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन सूचना मागवते, संबंधित खात्याच्या सचिवाला साक्षीला बोलावते, तज्ज्ञांचे आणि शेतकरी संघटनांचे ऐकते, विधेयक कलमवार वाचते आणि अहवाल तयार करते. ज्या सदस्याला तो पटत नाही, त्याची भिन्नमत पत्रिका अहवालाला जोडली जाते.

या बैठका बंद दाराआड होतात, यावर पुष्कळांचा आक्षेप असतो. मला मात्र तो दोष वाटत नाही. सभागृहात पक्षादेश निघाला की खासदाराला स्वतःचे मत गिळावे लागते. समितीत पक्षादेश नसतो, कॅमेराही नसतो, त्यामुळे सत्ताधारी खासदारही सचिवाला अडचणीचे प्रश्न विचारू शकतो. भूसंपादनाच्या २०११ च्या विधेयकाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ते ग्रामीण विकासाच्या समितीकडे गेले. तेव्हा तिच्या अध्यक्षपदी इंदूरच्या खासदार सुमित्रा महाजन होत्या, ज्यांचे माहेर आपल्या चिपळूणचे. खासगी कंपन्यांसाठी सरकारने जमीन संपादित करू नये, असे समितीने २०१२ मध्ये सुचवले. सरकारने ते पूर्णपणे स्वीकारले नाही. २०१३ च्या कायद्यात खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के बाधितांच्या संमतीची अट राहिली.

उलट कीटकनाशकांचे पाहा. २००८ चे कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक समितीने तपासून परत केले, तरी ते मंजूर झाले नाही. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा लागू असलेला कायदा १९६८ चाच होता. २०२० मध्ये नवे विधेयक आले, २०२१ मध्ये तेही कृषी समितीकडे गेले आणि त्याच डिसेंबरात तिचा अहवाल सादर झाला. २००४ चे बियाणे विधेयकही असेच. शेतकऱ्याने घरी राखलेल्या बियाण्याचा आणि बियाणे उगवले नाही तर मिळणाऱ्या भरपाईचा प्रश्न ज्यात होता, त्या विधेयकावर कृषी समितीने २००६ मध्ये अहवाल दिला, पण त्याचा कायदा कधीच झाला नाही. समितीने काम केले म्हणून सरकारला विधेयक मंजुरीला आणावेच लागते, असा नियम नाही.

विधेयक समितीकडे पाठवावेच, अशीही सक्ती नाही, आणि माझ्या मते या पद्धतीतील सर्वांत मोठी उणीव हीच आहे. पंधराव्या लोकसभेच्या काळात सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. २०२० चे कृषी कायदे आधी वटहुकूम म्हणून निघाले. त्यांची विधेयके सप्टेंबरात समितीविनाच मंजूर झाली. ती प्रवर समितीकडे, म्हणजे एखादे विधेयक तपासण्यासाठीच नेमल्या जाणाऱ्या सदस्यांच्या समितीकडे, पाठवण्याची राज्यसभेतील मागणी आवाजी मतदानाने फेटाळण्यात आली. पुढे वर्षभर आंदोलन चालले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेनेच ते कायदे रद्द केले. शेतकरी संघटनांचे म्हणणे समितीपुढे काही महिने आधी ऐकले गेले असते, तर कायदे वेगळे झाले असते की नाही ते सांगता येत नाही. पण ते ऐकण्याची जागा उपलब्ध होती आणि ती वापरली गेली नाही.

प्रश्न : अमेरिकेत न्यायाधीश आणि मंत्री नेमण्याआधी सिनेटची समिती त्यांची उलटतपासणी घेते. आपल्याकडे निवडणूक आयुक्त, दक्षता आयुक्त यांना संसदीय समितीपुढे असे उभे राहावे लागते काय? आमच्या अभ्यासिकेत यावरून दोन तट पडले आहेत.
(स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, चिखली, जि. बुलढाणा)

उत्तर : नाही. आपल्याकडे कोणत्याही नेमणुकीला संसदीय समितीची मंजुरी लागत नाही. अमेरिकेत सिनेटची संमती ही घटनेतील अट आहे. ब्रिटनमध्ये २००८ पासून काही पदांसाठी संसदीय समिती उमेदवाराला नेमणुकीआधी प्रश्न विचारते, मात्र तिचे मत सरकारवर बंधनकारक नसते. भारतात मोठ्या प्रशासकीय पदांचा निर्णय पंतप्रधान आणि गृहमंत्री यांची मंत्रिमंडळ नियुक्ती समिती घेते, आणि नियंत्रक व महालेखापरीक्षक किंवा लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष यांची नेमणूक राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतात.

अभ्यासिकेतला वाद बहुधा निवड समित्यांमुळे झाला असावा. काही कायद्यांनी विरोधी पक्षनेत्याला निवडीत स्थान दिले आहे. केंद्रीय दक्षता आयुक्तांसाठी पंतप्रधान, गृहमंत्री आणि लोकसभेतील विरोधी पक्षनेता. मुख्य माहिती आयुक्तांसाठी पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि पंतप्रधानांनी सुचवलेला एक मंत्री. सीबीआयच्या संचालकासाठी पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश किंवा त्यांनी सुचवलेले न्यायाधीश. लोकपालाच्या निवडीत लोकसभेचे अध्यक्षही असतात. पण या संसदीय समित्या नव्हेत. त्या उमेदवाराची सुनावणी घेत नाहीत, सभागृहाला अहवाल देत नाहीत, आणि त्यांतील बहुतेक ठिकाणी सरकारचे बहुमत आधीच ठरलेले असते.

तरीही विरोधी पक्षनेत्याच्या एका मताला किती वजन येऊ शकते, हे २०१० मध्ये दिसले. पी. जे. थॉमस यांना दक्षता आयुक्त करण्यास सुषमा स्वराज यांनी समितीत विरोध केला, कारण केरळच्या पामोलिन (पामतेल आयात) प्रकरणात ते आरोपी होते. दोन विरुद्ध एक अशा मताने नेमणूक झाली. सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०११ रोजी ती रद्द केली आणि सांगितले की, निवड एकमतानेच व्हावी असे नाही, पण विरोध करणाऱ्या सदस्याने कारणे नोंदवावीत आणि बहुमताने तो विरोध डावलताना त्याचीही कारणे द्यावीत. निवडणूक आयुक्तांबाबत न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश अशी समिती ठरवून दिली होती, ती कायदा होईपर्यंतच. डिसेंबर २०२३ च्या कायद्याने सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी सुचवलेला केंद्रीय मंत्री आणला. मला हा बदल मागे नेणारा वाटतो.

नेमणूक झाल्यावर मात्र संसदीय समिती हात आखडता घेत नाही. नोटबंदीनंतर जानेवारी २०१७ मध्ये अर्थविषयक समितीने रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ऊर्जित पटेल यांना बोलावून प्रश्न विचारले होते. रिक्त पदे का भरली नाहीत, हेही समित्या सचिवांना विचारतात, आणि अनुदानाच्या मागण्यांवरील, म्हणजे खात्यांच्या अर्थसंकल्पी खर्चावरील, अहवालांत ते दरवर्षी वाचायला मिळते. परीक्षेत उत्तर लिहिताना नेमणुकीआधीची संमती आणि नेमणुकीनंतरचा जाब या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

प्रश्न : वनकायद्यातील बदलाविषयी आमच्या ग्रामसभेला पुष्कळ सांगायचे होते, पण कोठे आणि कसे पाठवायचे ते समजेपर्यंत कायदा झाला. पुढच्या वेळी काय करावे? पत्र मराठीत चालते काय?
(ग्रामसभा सदस्य, धानोरा तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : वन (संवर्धन) दुरुस्ती विधेयक मार्च २०२३ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते पर्यावरणाच्या स्थायी समितीकडे न देता दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या स्वतंत्र संयुक्त समितीकडे दिले गेले, आणि स्थायी समितीचे तेव्हाचे अध्यक्ष जयराम रमेश यांनी त्याला जाहीर हरकत घेतली होती. संयुक्त समितीने जुलैमध्ये एकही दुरुस्ती न सुचवता अहवाल दिला, काही सदस्यांची भिन्नमते त्याला जोडली गेली आणि ऑगस्टमध्ये कायदा झाला. कोणती समिती नेमली जाते, यावरही बरेच अवलंबून असते, ते असे.

समितीची जाहिरात वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या संकेतस्थळावर येते. मुदत बहुधा पंधरा दिवसांच्या आसपास असते आणि निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत मागितले जाते. त्यामुळे ग्रामसभेचा ठराव मराठीत करून त्याचे हिंदी भाषांतर सोबत जोडावे. कोणत्या कलमाला हरकत आहे आणि त्याऐवजी कोणते शब्द हवेत, हे लिहिलेले निवेदन समितीच्या कार्यालयाला उपयोगी पडते; नुसता निषेध बाजूला राहतो. प्रत्यक्ष म्हणणे मांडायचे असेल, तर तसे त्याच पत्रात नमूद करावे. निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होते, म्हणून अहवाल सादर होईपर्यंत ते छापून आणू नये.

याच्या आधीची एक पायरी आहे, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या धोरणानुसार खात्याने विधेयकाचा मसुदा मंत्रिमंडळाकडे नेण्याआधी निदान तीस दिवस लोकांच्या सूचनांसाठी खुला ठेवायचा असतो. हे धोरण नेहमी पाळले जात नाही, परंतु मसुदा प्रसिद्ध झाला की तालुक्यातील कोणीतरी तो उतरवून ग्रामसभेपुढे वाचावा.

राज्याच्या विधेयकांसाठी मराठी पुरते. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मांडलेले जनसुरक्षा विधेयक महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले, तेव्हा बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीत मंत्र्याला प्रवेश नाही, येथे मंत्रीच अध्यक्ष होते, हा फरक ध्यानात ठेवून समितीतील विरोधी सदस्यांनाही निवेदनाची प्रत स्वतंत्रपणे पाठवावी.