काळ्या दगडावरचा फेस

प्रश्न : अंगणात काळा दगड, जांभ्याचे चिरे, गोकाकहून आणलेला पांढरट दगड आणि इलकलचा गुलाबी ग्रॅनाइट असे तुकडे आहेत. काळ्या दगडातल्या पांढऱ्या ठिपक्यावर व्हिनेगर टाकलं, तर फेस आला. म्हणजे ही चुनखडी का? कशात कोणतं खनिज, हे घरी कसं ओळखावं?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : चुनखडी नव्हे. फेस ठिपक्याला आला, दगडाला नाही. तुमचा काळा दगड बेसाल्ट. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे झिरपत्या पाण्यानं त्या पोकळ्यांत कॅल्साइट, झिओलाइट किंवा क्वार्ट्झ भरलं. फेसाळतं ते कॅल्साइट. तोच थेंब नुसत्या काळ्या भागावर टाकून बघा, काही होणार नाही. तिथं मुख्यतः प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि ऑगाइट ही व्हिनेगरनं न फेसाळणारी खनिजं असतात, सोबत थोडं मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज. दगड कुटून भुकटीतून लोहचुंबक फिरवा, काळे कण चिकटतील.

रंगावर जाऊ नका. आधी हातोडीनं ताजा तुकडा फोडून काढा (डोळ्यांवर चष्मा हवाच), कारण वरचं कवच हवापाण्यानं बदललेलं असतं. मग सुरीचं टोक ओढा : सुरीपेक्षा मऊ खनिजावर ओरखडा उठतो, कठीण खनिजावर नाही. 1 ते 10 च्या मोह्ज मापावर काठिण्य कॅल्साइटचं 3, साध्या सुरीचं साधारण 5.5, फेल्डस्पारचं 6, क्वार्ट्झचं 7. गोकाकच्या कड्यातला दगड क्वार्टझाइट, जवळजवळ सगळं क्वार्ट्झच. त्यावर सुरी चालत नाही, उलट सुरीचंच पोलाद झिजून करडी चकाकती रेघ उमटते. पुष्कळजण तिलाच ओरखडा समजतात. बोटानं चोळा, खाच लागत नाही.

ग्रॅनाइट भिंगाखाली धरून फिरवा. फुटल्यावर दिसणाऱ्या सपाट पृष्ठावर लखलखणारं गुलाबी ते पोटॅश फेल्डस्पार, काचेसारखं करडं ते क्वार्ट्झ. काळा कण सुईनं पापुद्र्यासारखा सुटला तर अभ्रक, नाही सुटला तर बहुधा हॉर्नब्लेंड हे काळं खनिज.

जांभ्यात भिंगाचा उपयोग नाही, कण फार बारीक. पावसानं सिलिका धुऊन नेली. उरली ती लोह-ॲल्युमिनियमची खनिजं आणि केओलिन माती. बिनग्लेज टाइलवर घासा : लालसर रेघ हेमटाइटची, पिवळट तपकिरी गोएथाइटची.

प्रश्न : लोकापूरची म्हणून मिळालेली चुनखडी व्हिनेगरनं फेसाळत नाही.
— एक वाचक, गोकाक

उत्तर : तिथं डोलोमाइटही सापडतो, म्हणजे चुनखडीसारखाच दिसणारा पण मॅग्नेशियम असलेला दगड. सुरीनं खरवडून भुकटीवर थेंब टाका. बारीक, सावकाश बुडबुडे दिसले तर तोच. मात्र आधी साध्या पाण्याचा थेंब टाकून बघा, सच्छिद्र दगडातली हवा पाण्यानंही बुडबुडते.