वाचकांचे प्रश्न : रीबोअर केलेली पद्मिनी चढावर नॉक का करते?

प्रश्न : माझी पेट्रोलवरची प्रीमियर पद्मिनी आहे. रीबोअर करून (सिलिंडर आतून घासून मोठे करून) ०.५० मि.मी. ओव्हरसाइझ पिस्टन घातले, तेव्हाच हेडचं (सिलिंडरवरच्या झाकणाचं) फेसिंगही केलं, म्हणजे तळ घासून सपाट केला. सपाटीला गाडी छान पळते, पण घोडबंदर रोडवर गायमुखच्या चढाला थर्डमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की नॉकिंग होतं, म्हणजे इंजिनात ठोके पडल्यासारखा आवाज येतो. कार्ब्युरेटर दोनदा साफ करून झाला.
– वाचक, ठाणे

उत्तर : बोअरिंगवर संशय घेऊ नका. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ चा ६८.५ मि.मी. झाला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ च राहिला. एका सिलिंडरचे २७२ सीसी होते, ते जेमतेम २७६ झाले. खरा फरक पडतो तो हेड घासल्याने, कारण पिस्टनच्या वरची जागा कमी होऊन कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं) वाढतो, आणि किती घासलं हे बहुतेक वेळा कुणी लिहून ठेवत नाही.

ते हेड न उतरवताही मोजता येतं. एक नंबरचा पिस्टन वर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद हवेत. प्लगचं भोक सर्वांत उंच राहील अशी गाडी तिरकी करा आणि सिरिंजने पातळ ऑइल आट्यांच्या खालच्या कडेपर्यंत भरा. रिंगमधून ऑइल झिरपतं, म्हणून हे पटकन उरका. २७६ ला आलेल्या आकड्याने भागून त्यात १ मिळवा : ४४ सीसी भरलं तर रेशो ७.३, ३८ भरलं तर ८.३. तो मॅन्युअलमधल्या रेशोशी ताडून पाहा. नंतर ऑइल खेचून काढा आणि चारही प्लग काढूनच स्टार्टर मारा. ऑइल आत राहिलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

रेशो थोडा वाढला असेल तर डबल पॅकिंग (हेडखाली दोन गॅस्केट) टाकू नका, टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) बघा. आधी सीबी पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधले, उघडले की स्पार्क पाडणारे संपर्कबिंदू) गॅप ०.४५ मि.मी. च्या आसपास ठेवा, मगच टायमिंग लावा. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि स्पार्क आपोआप ॲडव्हान्स होतो, म्हणजे आधी पडतो. उलट क्रमाने केलेलं काम फुकट जातं. वेगाप्रमाणे स्पार्क आधी पाडणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या स्प्रिंगा जुन्या गाड्यांत हमखास सैल पडतात. टायमिंग लाइट लावून रेस हळूहळू वाढवा. टायमिंगची खूण सावकाश सरकायला हवी. १५०० आरपीएमलाच सगळा ॲडव्हान्स आला तर स्प्रिंगा बदला. व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (इंजिनाच्या ओढीने स्पार्क आधी पाडणाऱ्या भागाचा) इथे दोष नाही, कारण पूर्ण थ्रॉटलला व्हॅक्यूमच उरत नाही. एवढं करूनही आवाज आला तर स्पार्क दोन अंश रिटार्ड (उशिरा) करून त्याच चढावर तपासा. त्याहून फार मागे नेलं तर इंजिन तापतं.

राहिलं पेट्रोल. ई-२० मध्ये (२० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल) मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं; पण इथेनॉल स्वतः नॉकिंगला विरोध करतं, त्यामुळे आवाजाचा दोष त्याच्यावर टाकू नका. लीनपणासाठी कार्ब्युरेटरचा मेन जेट (इंधन सोडणारं बारीक भोक) १२० चा असेल तर १२५ चा बसवा. जेटचं क्षेत्रफळ साधारण साडेआठ टक्के वाढतं. त्याच वेळी जुने रबरी पाइप बदलून इथेनॉल सोसणारे घ्या.

प्रश्न : नव्या रिंगांचं रनिंग-इन पाम बीच रोडवर केलं तर चालेल?
– वाचक, नेरूळ

उत्तर : चालेल, पण एकाच वेगात जाऊ नका. हलक्या लोडवर सतत चालवल्याने बोअरला ग्लेझ (काचेसारखा गुळगुळीतपणा) येतं आणि ऑइल जळत राहतं. टॉप गिअरमध्ये ४० वरून ६० पर्यंत बेताने खेचा, मग ॲक्सिलरेटर सोडून गाडी मंदावू द्या. असं पुन:पुन्हा करा. ५०० कि.मी. ला ऑइल व फिल्टर बदला आणि हेड बोल्टचा टॉर्क थंड इंजिनवर तपासा.