जुना प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर का अडतो?

प्रश्न : मी अर्थशास्त्र शिकवते आणि लासलगावच्या कांद्याच्या भावांवर संशोधन करते. 2021 मध्ये एका विद्यार्थ्याने मला पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. महिनावार फायली एकाखाली एक जोडून तो एकच तक्ता तयार करीत असे. नव्या लॅपटॉपवर पायथॉन आणि तक्ते हाताळणारे पांडास हे पॅकेज बसवल्यावर मात्र ‘डेटाफ्रेमला ॲपेंड नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊन तो थांबतो. मी त्यात एक अक्षरही बदललेले नाही. संगणकशास्त्र न शिकलेल्या माणसाने हे कसे सांभाळावे?
— एक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : आपण काही बदलले नाही हे खरे, पण आपला प्रोग्रॅम ज्याच्या आधारावर चालत होता ते पांडास हे पॅकेज, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला आयता कोड, मधल्या काळात बदलले आहे. एका तक्त्याला दुसरा जोडण्याची ‘ॲपेंड’ ही सोय पांडासमध्ये होती, 1.4 या आवृत्तीपासून ती वापरू नये अशी सूचना येऊ लागली आणि एप्रिल 2023 मधील 2.0 या आवृत्तीत ती काढूनच टाकली गेली. नव्या लॅपटॉपवर आपण नुसते पांडास मागितले, आवृत्ती सांगितली नाही, म्हणून ताजी आवृत्ती आली. ‘ॲपेंड’च्या जागी ‘कॉन्कॅट’ वापरून ती ओळ नव्याने लिहिली की काम पुढे सरकेल. जाणकार माणसाचे ते दहा मिनिटांचे काम आहे.

परंतु पुढच्या वर्षी दुसरे काही अडेल. ग्रंथाचा संदर्भ देताना आपण आवृत्ती आणि वर्ष लिहितोच, कारण आवृत्ती बदलली की पृष्ठांक हलतात. पॅकेजच्या बाबतीतही मराठीत शब्द तोच आहे आणि शिस्तही तीच हवी. फरक इतकाच, की ही नोंद हाताने ठेवणे अवघड आहे. एकट्या पांडासला बोलावले तरी त्याच्यामागून नम्पायसारखे सगेसोयरे येतात आणि त्या प्रत्येकाची आवृत्ती निराळी असते. म्हणून ती नोंद यंत्राकडूनच करून घ्यावी.

जुना लॅपटॉप अजून घरात असेल तर तो कोणाला देऊन टाकण्यापूर्वी त्यावर ‘पिप फ्रीझ’ (pip freeze) ही आज्ञा चालवावी. कोणते पॅकेज कोणत्या आवृत्तीचे आहे याची पूर्ण यादी समोर येते. ती मजकुराच्या फायलीत जपून ठेवावी आणि शेजारी पायथॉनची आवृत्तीही लिहावी, कारण ती या यादीत नसते.

नव्या लॅपटॉपवर ‘मिनिफोर्ज’ बसवावे. ते मोफत आहे, आपल्या स्वतःच्या फोल्डरात बसते, त्यामुळे सहसा महाविद्यालयाच्या संगणक विभागाची परवानगी मागत बसावे लागत नाही. त्याबरोबर ‘कोंडा’ हे साधन येते (नावावर जाऊ नये, केसांशी त्याचा संबंध नाही). कोंडा प्रत्येक प्रकल्पासाठी पॅकेजांची स्वतंत्र खोली तयार करतो, तिला ‘एन्व्हायर्नमेंट’ म्हणतात. कांद्याच्या प्रकल्पाच्या खोलीत पायथॉन 3.9 आणि पांडास 1.3 ठेवले तर ‘ॲपेंड’ची ती ओळ पूर्वीसारखीच चालेल, आणि दुसऱ्या प्रकल्पासाठी नवे पांडास बसवले तरी या खोलीला धक्का लागणार नाही. खोलीतल्या सामानाची यादी कोंडा स्वतःच फाइलमध्ये उतरवून देतो. पूर्ण यादी विंडोजवरून लिनक्सवर नेली तर अनेकदा अडते. अशा वेळी फक्त आपण स्वतः मागितलेल्या पॅकेजांची छोटी यादी काढण्याचीही सोय आहे. ही फाइल प्रबंधाच्या आकडेवारीबरोबरच ठेवावी.

आज्ञा टाइप करण्याचा धाक वाटतो म्हणून बटणे असलेली साधने अनेकांना सुचवली जातात. माझे मत थोडे वेगळे आहे. बटण दाबून पॅकेज बसवणे सोपे असते, पण सहा महिन्यांपूर्वी कोणते बटण दाबले हे कोणालाच सांगता येत नाही. आज्ञांच्या तीन-चार ओळी मात्र वहीत उतरवून ठेवता येतात आणि सहकाऱ्याला जशाच्या तशा देता येतात. ब्राउझरमध्येच पायथॉन चालवू देणाऱ्या गूगल कोलॅबवर बसवण्याची कटकट नसते हे खरे, पण तिथली पॅकेजेस आपल्याला न विचारता अद्ययावत होत असतात, म्हणून तिथेही आवृत्त्यांची यादी काढून ठेवावीच.

प्रश्न : माझा आर भाषेतील 2019 चा प्रोग्रॅम आजही विनातक्रार चालतो, पण सारांशात पूर्वी प्रत्येक तालुक्याच्या किती नोंदी आहेत ते दिसे, आता फक्त एकूण लांबी दिसते. चूक कोठे आहे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : एप्रिल 2020 मध्ये आर 4.0.0 आले. त्यापूर्वी फाइल वाचताना शब्दांचा स्तंभ आपोआप ‘फॅक्टर’, म्हणजे ठरावीक गटांचा स्तंभ होत असे. आता तो साधा मजकूर राहतो. प्रोग्रॅम थांबला असता तर आपल्याला त्याच दिवशी कळले असते, म्हणून असा निमूट बदल मला अधिक घातक वाटतो. फाइल वाचण्याच्या आज्ञेत ‘स्ट्रिंग्जॲजफॅक्टर्स’ (stringsAsFactors) हा पर्याय ‘ट्रू’ (TRUE) असा स्पष्ट लिहावा. आरमध्ये पॅकेजांच्या आवृत्त्या जपण्यासाठी ‘आरएन्व्ह’ हे पॅकेज चांगले आहे. मात्र ते खुद्द आरची आवृत्ती फक्त नोंदवते, बसवून देत नाही, आणि आपली अडचण नेमकी तिथली आहे. विंडोजवर आरच्या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता येतात आणि आरमध्ये काम करण्याच्या ‘आरस्टुडिओ’ या साधनाच्या सेटिंगमधून हवी ती निवडता येते. जुने निकाल पडताळेपर्यंत जुनी आवृत्ती काढून टाकू नये.