मधमाश्यांची पहिली पेटी घेताय? मग सातेरीच घ्या

मेलिफेरा ही परदेशी मधमाशी मध जास्त देते हे खरं, पण घरामागच्या एका पेटीसाठी आपली देशी सातेरी बरी. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संस्थेत प्रशिक्षण मिळतं, ते आधी करा. आग्या या मोठ्या रानमाशीच्या वाटेला जाऊ नका, ती पेटीत राहत नाही.

पेटी सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी ठेवा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत हवेतच, नाहीतर मुंग्या घुसतात. मी पहिल्या वर्षी वाट्या कोरड्या पडू दिल्या आणि एका सकाळी पेटी रिकामी! सातेरीला जरा त्रास झाला की ती सरळ घर सोडते. म्हणून रोज झाकण उघडून बघायचा मोह आवरा, आठ-दहा दिवसांतून एकदा पुरे. राणी दिसली नाही तरी चालेल, ताजी अंडी दिसली की ती आहे समजा.

खरी परीक्षा पावसाळ्यात. फुलोरा नसतो, तेव्हा साखर-पाणी समप्रमाणात, तेही संध्याकाळी आणि पेटीच्या आत द्या. बाहेर सांडलं तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. रिकामी पोळी काढून टाका, तिथेच पोळी पोखरणारा मेणकिडा शिरतो.

मध? पहिल्या वर्षी विसरा.