हॅलोजन म्हणजे दिवा नव्हे

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत दरवर्षी कानावर येतं, “त्या हॅलोजनखाली थांब, आलोच.” वर बघावं तर एलईडी! खऱ्या हॅलोजन दिव्यात टंगस्टनच्या तारेभोवती किंचित आयोडीन किंवा ब्रोमीन असतं. तापून उडालेलं टंगस्टन ते पुन्हा तारेवर आणून बसवतं. ते दिवे गेले, नाव खांबालाच लटकलंय.

असो. हॅलोजन म्हणजे मुळात फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या मूलद्रव्यांचं कुळ. प्रश्न सोलापुरातच रसायनशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीचा आहे. पाण्या-मातीच्या नमुन्यांतले ‘अननोन हॅलोजनेटेड’ प्रदूषक हुडकणाऱ्या सॉफ्टवेअरवर ती मराठीत लिहितेय. हॅलोजनयुक्त म्हणावं की हॅलोजनीकृत? आणि अननोन म्हणजे अज्ञातच ना?

हॅलोजनयुक्त लिही, पण पुढे ‘संयुगे’ हवंच. नुसत्या ‘क्लोरीनयुक्त’ने नळाचं पाणी आठवतं, तुझा क्लोरीन कार्बनला बांधलेला आहे. ‘हॅलोजनीकृत’ म्हटलं की कुणीतरी मुद्दाम केल्यासारखं वाटतं, आणि समुद्री शेवाळं तर अशी संयुगं आपली आपण बनवतात.

आता मूळ शब्द. ग्रीक ‘हाल्स’ म्हणजे मीठ. हॅलोजन म्हणजे मीठ घडवणारा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ श्वाइगरने 1811 मध्ये तो एकट्या क्लोरीनसाठी सुचवला होता. डेव्हीचं ‘क्लोरीन’ टिकलं, हा शब्द पडला, आणि पुढे बर्झेलियसने उचलून सगळ्या कुळाला दिला. आमचे एक कोशप्रेमी स्नेही त्याचं ‘लवणजन’ करा म्हणून मागे लागलेत. करायचंच तर ‘मीठजन’ करा की! लवणातून लोणचं आलं, लावण्यही आलं, मान्य. कानडी घरात लोणच्याला उप्पिनकाई म्हणतात, तिथेही उप्पु म्हणजे मीठच. पण ‘मीठ’ची ऐट वेगळी. तो आला ‘मिष्ट’वरून, म्हणजे चक्क गोडावरून! स्नेही म्हणतात, हिंदी ‘मीठा’ ऐकून मराठी माणसाचा घोटाळा झाला. मग गुजरातीत मिठाला ‘मीठुं’ का म्हणतात, तेही घोटाळलेच का? माझा तर्क असा, की ज्यावाचून जेवण तोंडात फिरतं त्यालाच जुन्या माणसांनी मिष्ट म्हटलं असणार. यावर त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

हां, सॉफ्टवेअर. हॅलोसीकरसारखी साधनं मास स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखातल्या हजारो शिखरांतून जोड्या हेरतात. निसर्गात क्लोरीन 35 आणि 37 वस्तुमानांचा, साधारण 3 ला 1. ब्रोमीन 79 आणि 81 चा, जवळपास निम्मा-निम्मा. त्यामुळे दोन एककांच्या अंतरावर जोडीने शिखरं उमटतात. रेणूत दोन क्लोरीन असले तर तीन शिखरं, 9:6:1. फ्लोरीन आणि आयोडीन निसर्गात एकाच वस्तुमानाचे, तिथे ही खूण उमटतच नाही. म्हणून फ्लोरीनवाल्यांसाठी फ्लोरोमॅच वगैरे वेगळी साधनं लागतात. तेव्हा नुसत्या जोड्या बघणाऱ्या साधनाला सरसकट ‘हॅलोजनशोधक’ लिहिलंस तर मी लाल पेन काढीन.

आणि ‘अज्ञात’ नको. अज्ञात म्हणजे ज्याचा पत्ताच नाही. इथे नाव कळलेलं नसतं, पण चालीवरून कुळ ओळखू येतं. लग्नात एखादा पोरगा बघून आपण “हा अमक्यांपैकी दिसतोय” म्हणतो, तसं. त्याला मराठीत अनोळखी म्हणतात.