शेपटीवर उभं करू की चार मोटरी लावू?

प्रश्न : सर, आम्ही डिप्लोमाची पोरं 4 किलोचं पंखवालं ड्रोन करतोय. धावपट्टीशिवाय जागेवरून उडायला हवं. शेपटीवर उभं राहणारं करू की पंखाला चार उभ्या मोटरी लावू?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : चार मोटरी लावा. पुढे उडताना त्यांचं ओझं फुकट वाहावं लागतं, हे मान्य. पण शेपटीवरचं विमान उतरताना अख्खा पंख शिडासारखा वाऱ्याला आडवा येतो. 1954 मध्ये अमेरिकेत कॉन्व्हेअर पोगो या शेपटीवर उभ्या राहणाऱ्या विमानाचा वैमानिक मान वळवून, मागे जमीन बघत उतरायचा! तुमची मान वाचेल, वारा तोच राहील.

हिशेब बघा. पंखाची उचल ओढीच्या दहापट धरली, तर सरळ उडताना साधारण 400 ग्रॅमचा रेटा पुरतो. तरंगताना पुरते 4 किलो लागतात. वाऱ्यासाठी राखीव धरून चौघींकडून मिळून निदान 6 किलो मिळू द्या. म्हणजे बॅटरी खाणार ते तरंगणंच. मावतील तेवढे मोठे पंखे घ्या, तेवढ्याच रेट्याला वीज कमी लागते. आणि पिटो नळी, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा वेग मोजणारी नळी, लावाच. जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतो. मागून वारा असला की हा आकडा फुगतो, पंखाला पुरेसा वेग मिळाला असं वाटून उभ्या मोटरी वेळेआधी बंद होतात आणि विमान खाली येतं.