मसुदा एका फाइलमध्ये, अंतिम प्रत दुसरीत

प्रश्न : मी घोडबंदर रस्त्यावरील एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मी वर्डमध्ये मराठीत टाइप करून समिती सदस्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवतो. काहींच्या मोबाइलवर जमाखर्चाचा तक्ता विस्कटतो, तर काहींना मराठीऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. पीडीएफ पाठवल्यास त्यांना दुरुस्त्या करता येत नाहीत. कोणती फाइल वापरावी?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : इंग्रजी अक्षरे दिसण्याचे कारण बहुधा फाइलच्या प्रकारात नसून फॉन्टमध्ये आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘सभा’ हा शब्द संगणकात प्रत्यक्षात ‘एल, एच, के, के’ असा साठवला जातो आणि तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही, त्याला तीच अक्षरे दिसतात. म्हणून मजकूर प्रथम युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच ठरावीक संकेत देणाऱ्या पद्धतीत, आणावा. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रकमा स्वतः वाचून तपासाव्यात, कारण सभेत मंजूर झालेल्या आकड्यात एका अंकाचीही चूक खपवून घेता येत नाही.

तक्त्याचे कारण वेगळे आहे. डॉक्स (.docx), म्हणजे वर्डची नेहमीची फाइल, उघडणारे प्रत्येक अॅप उपलब्ध फॉन्टनुसार ओळी आणि पाने नव्याने मांडते, त्यामुळे मांडणी हलते. पीडीएफमध्ये मात्र पानाची मांडणी ठरलेली असते आणि फॉन्टही सहसा फाइलमध्येच समाविष्ट असतो. तेव्हा मसुद्यावर चर्चा चालू असेपर्यंत डॉक्स वापरावी आणि ‘ट्रॅक चेंजेस’ चालू ठेवावे, म्हणजे कोणी काय बदलले हे दिसते. सदस्य लिब्रेऑफिस हा वर्डसारखा मोफत प्रोग्रॅम वापरत असतील, तर त्याचा ओडीटी (.odt) हा २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक असलेला प्रकारही उत्तम आहे. मात्र एकच फाइल दोन प्रोग्रॅममध्ये आलटूनपालटून उघडू नये, कारण प्रत्येक फेरीत मांडणी थोडीफार बिघडू शकते.

समितीने मसुदा मान्य केल्यावर त्याची पीडीएफ करून सर्व सभासदांना द्यावी. दप्तरात वर्षानुवर्षे जपायच्या प्रतीसाठी पीडीएफ/ए निवडावी, कारण तिच्यात फॉन्ट समाविष्ट असणे बंधनकारक आहे. वर्डमध्ये पीडीएफ जतन करताना ‘ऑप्शन्स’मध्ये हा पर्याय मिळतो.

एक आग्रहाची सूचना : पीडीएफ झाली म्हणून मूळ डॉक्स कधीही पुसू नये. पीडीएफवरून पुन्हा वर्ड फाइल करताना मराठीतील पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, रफार निसटतो, आणि चार पानांचे इतिवृत्त दुरुस्त करण्यापेक्षा पुन्हा टाइप करणे सोपे वाटू लागते.